खेळण्यातली बंदूक आणि आपले अंगण

(खामगाव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविम्याचे रखडलेले दावे आहेत आणि त्यांच्या खाली एक ओळ आहे : ‘मुलांना छर्ऱ्यांची बंदूक द्यावी की नाही?’ ती ओळ वाचून काही जणांच्या ओठांवर हसू आलेले मी पाहिले. परंतु हा प्रश्न आपल्यातल्याच एका कार्यकर्त्याने लेखी पाठविलेला आहे. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाने हट्ट धरला आहे, आणि हट्ट साध्या बंदुकीचा नाही. हुबेहूब लष्करी रायफलीसारखी दिसणारी, विजेरीवर चालणारी, चाप दाबून धरला की गोळ्यांची सर सोडणारी अशी ती प्रतिकृती आहे. मुलाचे म्हणणे इतकेच की घरामागच्या परसात डबे मांडून तो ते उडवील आणि कुणाला त्रास देणार नाही. बापाला ‘नाही’ म्हणायचे आहे, पण का म्हणायचे ते त्याला सांगता येत नाही. कारण सांगता येत नसेल तर नकार देऊ नये, अशी आपल्या घराची रीत असल्याने त्याने हा प्रश्न आपल्यापुढे आणला. मला तो क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण आपल्याकडे ‘छर्ऱ्याची बंदूक’ या एकाच नावाखाली तीन-चार निरनिराळ्या गोष्टी खपतात. जत्रेत दहा-वीस रुपयांना मिळणारी, पिवळी गोळी चार हात टाकणारी प्लॅस्टिकची बंदूक हे एक टोक. शिशाची गोळी मारणारी, नळी मोडून हवा भरण्याची खरी हवाबंदूक हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये ही प्रतिकृती येते. तिची गोळी सहा मिलिमीटर व्यासाची, प्लॅस्टिकची आणि साधारण पाव ग्रॅमहून थोडी हलकी असते. ती सेकंदाला शंभर मीटर वेगाने सुटली तर तिच्यात सुमारे एक ज्यूल ऊर्जा भरते. पोलादी छर्रा आकाराने लहान पण वजनाने जड असल्याने त्याच वेगाला जवळजवळ दुप्पट ऊर्जा नेतो, आणि दगडी भिंतीवर आपटला तर बऱ्याच वेगाने मागे फिरतो. एक ज्यूल म्हणजे काय? शंभर ग्रॅमचे लिंबू एक मीटर उंचीवरून पडावे इतकीच ती शक्ती. मांडीवर लागली तर लाल वळ उठेल. परंतु लिंबाचा आघात तळहाताएवढ्या जागेवर पसरतो, गोळीचा ज्वारीच्या मोठ्या दाण्याएवढ्या जागेवर पडतो. ती जागा डोळ्याची असेल तर पुढचे सांगावयास नको.

या वस्तूचा इतिहास मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील प्लिमथ गावी पवनचक्क्या तयार करणारी एक कंपनी होती. शेतात पाणी उपसण्यासाठी लागणाऱ्या या पवनचक्क्यांबरोबर शेतकऱ्यांना भेट म्हणून तिने १८८८ च्या सुमारास एक लोखंडी हवाबंदूक देण्यास सुरुवात केली. लौकरच गिऱ्हाईक पवनचक्की विसरले आणि बंदूकच मागू लागले. १८९५ साली कंपनीने आपले नावच बदलून त्या बंदुकीचे नाव घेतले : डेझी. शेतीचे साधन मागे पडले आणि सोबतचे खेळणे हा मुख्य धंदा झाला. आपल्या जिल्ह्यात पाण्याच्या मोटारीवर टोपी किंवा घड्याळ फुकट मिळालेल्यांनी यावर अवश्य विचार करावा! दुसरा धागा जपानचा. तेथे सामान्य नागरिकाला खरे पिस्तूल बाळगता येत नाही. त्यामुळे १९७० नंतरच्या दशकात हौशी लोकांसाठी प्लॅस्टिकच्या गोळीची प्रतिकृती निघाली, आणि १९९१ साली टोकियो मारुई या कंपनीने विजेरीवर चालणारी स्वयंचलित रायफल बाजारात आणली. पुढे जपाननेच २००६ मध्ये अशा बंदुकांच्या शक्तीवर एक ज्यूलच्या आतली मर्यादा घातली. ज्या देशाने खऱ्या शस्त्रावर कडक बंदी घातली त्याच देशात खोट्या शस्त्राचा हा उद्योग फुलला, ही गोष्ट बंदीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

आता मौजेविषयी बोलू. आपल्या चळवळीत एक सोवळेपणा आहे. मौज म्हटली की आपण तिच्यात चंगळवाद शोधू लागतो. मी त्या मताचा नाही. नेम धरणे हा माणसाचा फार जुना आनंद आहे. आंब्याच्या झाडाखाली दगड न उचललेला मनुष्य या सभेत असेल असे मला वाटत नाही. आपल्या माळ्यांवर पाखरे राखताना गोफण फिरली ती कामासाठी, परंतु फिरवणाऱ्या पोराला तिच्यात खेळही दिसतच होता. बस्तरमध्ये जगदलपूरला गोंचा सणात बांबूच्या नळीची ‘तुपकी’ घेऊन लोक एकमेकांवर मालकांगोणीची हिरवी फळे उडवतात. लहानथोर, स्त्रीपुरुष सारे त्यात असतात आणि तो रथोत्सवाचा भाग मानला जातो. तिकडे नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढीत निघतात. मोठी माणसे जे करतात त्याची लहान प्रत मुलाला हवी असते. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव आपल्या जिल्ह्यात आहे, आणि १२ जानेवारीला तेथे कितीतरी पोरे कमरेला लाकडी तलवार लावून हिंडताना दिसतात. त्यावर कुणी आक्षेप घेत नाही, घेऊही नये.

मग लाकडी तलवार चालते आणि ही बंदूक का खटकते? माझ्या मते दोन कारणे आहेत. ती एकमेकांत मिसळू नयेत.

एक कारण ‘स्वयंचलित’ या शब्दात आहे. यात्रेतल्या फुगे फोडण्याच्या गाड्यावर एका फुग्याला एक गोळी मिळते. (त्या बंदुकीची नळी मुद्दाम वाकडी केलेली असते, असा सार्वत्रिक संशय आहे. चुकलेल्या प्रत्येक नेमाला तो उपयोगी पडतो.) मुलगा श्वास रोखतो, एक डोळा मिटतो, चुकतो, पुन्हा पैसे मागतो. नेमबाजीचा सगळा अभ्यास या श्वास रोखण्यात आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवता झाला. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती ठरली. यांच्या खेळात एका वेळी एकच गोळी सुटते आणि तिच्यामागे वर्षानुवर्षांची स्थिरता असते. सेकंदाला दहा-बारा गोळ्या ओकणाऱ्या यंत्राला नेमाची गरजच उरत नाही. नळी फिरवीत राहावे, काहीतरी पडतेच. त्यातली मौज मी नाकारत नाही, परंतु ती पावसाळी ओढ्यात दगड लोटण्यासारखी आहे. दहा मिनिटांत संपते आणि मग मुलाला डब्यांहून अधिक काहीतरी हवे असते. बापाने लक्ष ठेवायचे ते या अकराव्या मिनिटावर.

हे ‘काहीतरी’ बहुधा पाखरू असते. परसातल्या पेरूवर बसलेला बुलबुल, विहिरीच्या काठावरची साळुंकी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांपैकी बहुतेकांना संरक्षण दिले आहे आणि खेळण्यातल्या बंदुकीने मारले म्हणून गुन्हा पुसला जात नाही. आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार अशी अभयारण्ये आहेत. त्यांच्या कडेच्या गावांत हवाबंदूक खांद्यावर टाकून तितर-सशामागे जाणारे तरुण काही अगदी दुर्मीळ नाहीत. अरुणाचल प्रदेशात हा प्रश्न याहून कितीतरी मोठा होता, कारण तेथे घरोघर हवाबंदूक होती. १७ मार्च २०२१ रोजी पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावापासून तेथे हवाबंदुका स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढे दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आपण होऊन आणून दिल्या. पोलिसांनी धाडी घातल्या असत्या तर त्या बंदुका माळ्यावर गेल्या असत्या.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लाकडी तलवारीला कुणी खरी तलवार समजत नाही. ही प्रतिकृती मात्र दहा पावलांवरून पोलिसालाही ओळखू येत नाही. तिची किंमतच त्या साम्यासाठी मोजली जाते.

येथे कायद्याकडे वळले पाहिजे, आणि आपल्या पक्षाच्या माणसांना त्यात थोडा घरचा इतिहासही सापडेल. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई झाली आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला इतका झोंबला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या संघटनेने हे करावे याचे परकीयांना नवल वाटे. पण आक्षेप शस्त्राच्या अभावापेक्षा भेदभावावर अधिक होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी हाच हक्क संविधानात यावा म्हणून दुरुस्ती मांडली. कामत त्या सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच प्रांतातून गेले होते, आणि नंतर प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार म्हणून होशंगाबादहून लोकसभेत बसले. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दुरुस्तीला विरोध केला. प्रत्येकाने बाजारात जाऊन हल्ल्याची वाटेल ती साधने खरेदी करावीत आणि राज्याने त्यात पडू नये, अशा स्थितीत कारभार चालेल कसा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. कामतांविषयी मला आदर आहे, तरीही या वादात बाबासाहेब बरोबर होते असे मी मानतो. ज्या समाजात बलवंतांच्या घरी भिंतीवर बंदूक टांगलेली होती आणि गावकुसाबाहेरच्यांच्या हातात काठीही खपत नव्हती, तेथे खुल्या बाजारातला शस्त्राचा हक्क कुणाच्या वाट्याला आला असता हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

सध्या लागू असलेला शस्त्रकायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या २०१६ च्या नियमांनी हवाबंदुकीसाठी मर्यादा ठरविली : नळीचा व्यास ०.१७७ इंचाहून अधिक असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल तर परवाना हवा. एक ज्यूलची आपली प्रतिकृती ऊर्जेच्या मापाने कुठल्या कुठे खाली राहते आणि दुकानदार नेमके हेच सांगतो. तो जे सांगत नाही ते त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात आहे. तेथे ‘नकली अग्निशस्त्रा’ची व्याख्या अशी की, जिचे रूप अग्निशस्त्रासारखे आहे अशी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. तिचे खऱ्या शस्त्रात रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही. आणि अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे कायदेशीर अटक टाळण्यासाठी तिचा वापर केला तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे कायद्याचा एक डोळा जोर मोजतो आणि दुसरा रूप पाहतो. दुकानात पहिला डोळा उघडा असतो, रस्त्यावर दुसरा.

रस्त्यावरचा तो डोळा काय करू शकतो याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात टामीर राइस नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका बागेत अशाच प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या पिस्तुलाशी खेळत होता. अशा प्रतिकृतीच्या नळीच्या टोकाला नारिंगी रंग असावा असा तेथे नियम आहे. त्या पिस्तुलाचे नारिंगी टोक निघालेले होते. पोलिसांना दूरध्वनी करणाऱ्या माणसाने, पिस्तूल बहुधा खोटे असावे, असेही सांगितले होते. ते सांगणे गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाही. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत मुलाला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. गोळी झाडणाऱ्यावर खटला चालवावा असे तेथील ज्यूरीला वाटले नाही. ज्या राज्यात प्रौढ नागरिक खरी बंदूक उघडपणे घेऊन हिंडू शकतो, तेथे हे घडले.

आपला पोलीस इतक्या लवकर गोळी झाडत नाही, असे कुणी म्हणेल. मान्य. परंतु आपल्याकडे दोन सेकंदांऐवजी दोन वर्षे लागतात आणि ती कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात. आपला जळगाव जामोद तालुका जेथे संपतो तेथून बऱ्हाणपूर जिल्हा सुरू होतो आणि त्या जिल्ह्यातले पाचोरी गाव गावठी पिस्तुलांसाठी वृत्तपत्रांत वारंवार येत असते. लोखंडाला आकार देण्याचे पिढीजात कसब असलेल्या शिकलगारांना दुसरे काम न मिळाल्याची ती कथा आहे आणि तिच्यावर स्वतंत्र बोलले पाहिजे. येथे एवढेच महत्त्वाचे की सातपुड्याच्या पायथ्याला पिस्तुलासारखी कोणतीही वस्तू दिसली की पोलीस ती खेळणे समजून सोडून देणार नाहीत. तसे त्यांनी करावे अशी अपेक्षाही नको.

मात्र सगळ्यांच्याच बाबतीत ते सारखे वागतील का? येथेच मला हा प्रश्न आपल्या बैठकीचा वाटतो. खामगावच्या एखाद्या बंगल्याच्या मागे, विटांच्या उंच भिंतीआड, वकिलाच्या किंवा व्यापाऱ्याच्या मुलाने अशी बंदूक चालवली तर शेजारी फार तर आवाजाची तक्रार करतील. तीच बंदूक जिल्ह्यातल्या एखाद्या पारधी बेड्यावरच्या पोराच्या हातात दिसू द्या. ज्या जमातींना इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांत पारध्यांचे नाव होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून या जमाती मुक्त झाल्या, पण संशय काही मुक्त झाला नाही. फासे लावून तितर धरणाऱ्या या लोकांचा धंदा १९७२ नंतर गुन्हा ठरला आणि त्याच्या जागी दुसरा धंदा कुणी दिला नाही. त्यांच्या पोराला परसही नसते. उघडा माळ हेच त्याचे अंगण आणि माळावरची हरेक गोष्ट रस्त्यावरून दिसते. एकच खेळणे एका मुलाच्या हातात छंद ठरते आणि दुसऱ्याच्या हातात पुरावा. माझ्या कार्यकर्ता मित्राच्या मुलाचे दोस्त कोण आहेत हे मला माहीत आहे. आपल्या घरांना साजेल असे ते सर्व थरांतले आहेत. तो बंदूक घेऊन त्यांच्याबरोबर माळावर गेला आणि कुणी पोलिसांना कळवले, तर घरी कोण परत येईल आणि ठाण्यावर कोण बसेल? ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला सांगता येते. त्याला ती समजते. किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर समजते, कारण अन्यायाचा राग त्या वयात ताजा असतो.

म्हणून सरसकट बंदी घालावी असे मी म्हणत नाही. घरात बंदी घातली की मुले याहून वाईट वस्तू स्वतः तयार करतात. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात काय झाले ते आठवा. प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून, आत कॅल्शियम कार्बाईड आणि पाणी घालून उडवायची ‘कार्बाईड गन’ दीडदोनशे रुपयांना रस्त्यावर विकली गेली. वानरे हाकण्यासाठी शेतात वापरायची ही युक्ती पोरांच्या हाती खेळणे म्हणून आली आणि भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर येथे मिळून शंभराहून अधिक लोकांच्या, बहुतेक मुलांच्याच, डोळ्यांना इजा झाली. काहींची दृष्टी गेली. आवाज झाला नाही म्हणून मुले नळीत डोकावून पाहात होती आणि त्याच क्षणी वायू पेटत होता. हे सारे उघड बाजारात झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे आहे, पण हातगाडीवर ते चिन्ह कोण पाहतो?

तेव्हा त्या मित्राला माझे उत्तर असे. लष्करी रायफलीची हुबेहूब प्रतिकृती घेऊ नये आणि स्वयंचलित तर मुळीच नको. मुलाला नेमाची आवड खरी असेल तर एका वेळी एक गोळी सुटणारी, भडक रंगाची, उघड उघड खेळणे दिसणारी बंदूक घ्यावी. ती मानक चिन्हाची असावी आणि पोलादी छर्ऱ्यांची नसावी. थोड्या अधिक जोराची हवाबंदूक घेण्याचा विचार असेल तर दुकानदाराच्या शब्दावर न जाता आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करावी. पोच घ्यावी. परसात खेळायचे तर जागा अशी निवडावी की मागे येण्याजाण्याची वाट, गोठा किंवा शेजाऱ्याचे दार नसेल. डब्यांच्या मागे भिंतीपासून हातभर अंतर सोडून जुनी गोधडी दुहेरी करून सैल टांगावी. गोळी तिच्यात मुरते आणि खाली पडते, ताणून बांधली तर उलट फिरते. खाली गोणपाट पसरले म्हणजे गोळ्या वेचता येतात, नाहीतर त्या मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि कोंबड्या त्या दाणे समजून टिपतात. खेळणाऱ्यानेच नव्हे, पाहायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने डोळ्यांवर जाड चष्मा चढवावा आणि तो नसेल तर त्या दिवशी खेळ नाही. बंदूक परसाच्या दाराबाहेर जाणार नाही, सायकलवर नाही, दप्तरात नाही, शाळेत तर नाहीच.

आणखी एक सूचना आहे, ती या बैठकीसाठी. उन्हाळ्यात आपण मुलांचे शिबिर घेतो. त्यात लेझीम आहे, कबड्डी आहे, गाणी आहेत. यंदा त्यात गोफणीचा आणि नेमाचा एक तास घालावा असे मी सुचवितो. गोफण विणणारी म्हातारी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. मातीची मडकी मांडावीत, एकाला एकच दगड द्यावा, आणि पारधी बेड्यावरची मुले त्या तासाला शिकणारी म्हणून न बोलावता शिकविणारी म्हणून बोलवावीत. नेमात ती आपल्या पोरांना सहज हरवतील. मोताळा आणि चिखलीच्या मित्रांनी त्या बेड्यांवर जाऊन पालकांशी आधी बोलून यावे. मडक्यांची व्यवस्था खामगावकरांकडे असावी.